प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि वर्गापासूनचे अंतर

नांदेड किंवा लातूरमधल्या जुन्या अनुदानित महाविद्यालयांत कनिष्ठ आणि वरिष्ठ असे दोन्ही विभाग एकाच आवारात भरतात. पुष्कळदा ज्या खोलीत बारावीचा तास झाला, त्याच खोलीत थोड्या वेळाने बी.ए. किंवा बी.एस्सी.चा तास होतो. बारावीला शिकवणाऱ्याकडे पदव्युत्तर पदवीबरोबर बी.एड. असावे लागते. पदवीला शिकवणाऱ्याला नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते, शिकवण्याचे वेगळे शिक्षण लागत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यता हा दहा घटकांपैकी एक घटक आहे. उमेदवाराची शिकवण्याविषयीची परीक्षा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. मार्चमध्ये बारावीची परीक्षा दिलेला मुलगा पावसाळ्यात प्रथम वर्षाला येऊन बसतो. तीन-चार महिन्यांत त्याच्यात असा कोणता बदल होतो, की त्याच्या शिक्षकाला अध्यापनशास्त्राची गरज उरू नये? या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्या व्यवस्थेने कधी दिलेले नाही. त्याऐवजी नोकरी लागल्यानंतरच्या प्रशिक्षणाची एक रचना उभी केली. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर, आणि अलीकडचे एफडीपी, म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम, ही त्या रचनेची रूपे. तिला साडेतीन दशके उलटून गेली आहेत आणि नवे शैक्षणिक धोरण लागू होत असताना तिची फेरमांडणी चालू आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांना, त्यातही पहिल्या दोन जिल्ह्यांना समोर ठेवून, या प्रश्नाची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कोठून आलो

मराठवाड्यातले उच्च शिक्षण वयाने लहान आहे, आणि या विषयात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. पदवीसाठी बहुतेकांना हैदराबाद गाठावे लागे, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मुक्तीनंतर १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्या बारा वर्षांत लातूरला दयानंद आणि राजर्षी शाहू, नांदेडला यशवंत अशी महाविद्यालये उभी राहिली, आणि उदगीरसारख्या तालुक्याच्या गावांतही ती पोहोचली. एकाच पिढीत शिक्षणाची भाषा उर्दूकडून इंग्रजीकडे आणि तिथून बऱ्याच अंशी मराठीकडे आली. व्याख्यानपीठावर उभे राहणारे अनेक जण घरातले पहिले पदवीधर होते, आणि समोर बसलेलेही तसेच. शिकवण्याची तयार परंपरा त्यांच्या हाती आलेली नव्हती. आपल्या शिक्षकांनी जसे शिकवले तसे शिकवायचे, किंवा स्वतःची वाट काढायची, एवढेच शक्य होते.

देशपातळीवर विचार मात्र लवकर सुरू झाला होता. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने शिक्षकांसाठी उजळणी वर्गांची शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने नव्या व्याख्यात्यांना सुरुवातीलाच उद्बोधन मिळावे असे सुचवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने साठच्या दशकात उन्हाळी शिबिरे घेतली, आणि १९७० च्या सुमारास महाविद्यालयीन विज्ञान सुधार कार्यक्रम आणला. हे उपक्रम ऐच्छिक होते आणि त्यांचा भर विषयज्ञानावर होता. खरे वळण १९८६ चे. त्या वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला संस्थात्मक रूप द्यायचे ठरवले, आणि १९८७ मध्ये देशभर ४८ अकॅडमिक स्टाफ कॉलेजे मंजूर झाली. त्याच सुमारास मेहरोत्रा समितीच्या शिफारशींवरून नव्या वेतनश्रेण्या आल्या आणि वरच्या श्रेणीत जाण्यासाठी हे वर्ग पूर्ण करण्याची अट आली. प्रशिक्षण आणि पदोन्नती यांची गाठ तेव्हा बांधली गेली, ती आजतागायत सुटलेली नाही. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या गाठीत आहे.

ओरिएंटेशन चार आठवड्यांचे होते: चोवीस कामाचे दिवस, रोज सहा तास, एकूण १४४ तास. रिफ्रेशर तीन आठवड्यांचे, १०८ तासांचे. दिवसाला दीड-दीड तासाची चार सत्रे, मध्ये चहा आणि जेवण, शेवटी चाचणी, प्रकल्प, अभिप्रायाचा फॉर्म आणि श्रेणी लिहिलेले प्रमाणपत्र. उद्बोधन वर्गाचे चार घटक ठरलेले होते. समाज आणि शिक्षण यांचा संबंध, शिक्षणाचे तत्त्वज्ञान व अध्यापनशास्त्र, ज्ञानस्रोतांची ओळख, आणि व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्व विकास. म्हणजे शिकवावे कसे, हा विषय चारांतल्या एका घटकाचा एक भाग होता. इथल्या प्राध्यापकांना जवळचे केंद्र औरंगाबादचे, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरवरचे. तिथे जागा मिळाली नाही तर पुणे, नागपूर, अमरावती, मुंबई किंवा हैदराबाद. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठ घराजवळ आले, तरी ओरिएंटेशन-रिफ्रेशरसाठी बॅग भरून परगावी जाण्याची रीत पुढेही बराच काळ टिकून राहिली.

त्यानंतरचे बदल थोडक्यात सांगता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकाच्या प्रत्येक कामाला गुण देणारी एपीआय पद्धत आणली. २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन पदोन्नतीतून एपीआय काढली, आणि रिफ्रेशरला कार्यशाळा, ऑनलाइन मुक्त अभ्यासक्रम, ई-आशयनिर्मिती असे पर्याय दिले. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच पडद्यावर गेले आणि आठवड्याभराच्या ऑनलाइन एफडीपींचे पीक आले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात देशभरातली १११ केंद्रे आणि १५ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य आहे. राज्य शासनाने पुण्यात उभारलेली महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास संस्थाही या क्षेत्रात काम करते.

विष्णुपुरीतली तीन उत्तरे

एकाच प्रश्नाला किती वेगवेगळी उत्तरे असू शकतात, हे पाहायला नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारखी दुसरी जागा नाही. तिथे काही किलोमीटरच्या टापूत विद्यापीठाचा परिसर आहे, १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे, आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिन्हींच्या शिक्षकांवर तीन वेगवेगळ्या नियामक संस्थांचे नियम चालतात.

अभियांत्रिकीच्या नवनियुक्त शिक्षकासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आठ घटकांचा प्रशिक्षणक्रम ठरवला आहे. तो ऑनलाइन शिकायचा, पण त्याला ज्येष्ठ मार्गदर्शक आणि उद्योगातल्या अनुभवाची जोड द्यायची, अशी त्यामागची कल्पना आहे. वैद्यकीय शिक्षणाने निराळी वाट धरली. तिथे प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असावा लागतो आणि पदोन्नतीसाठी वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हा अभ्यासक्रम जेमतेम काही दिवसांचा आहे, ओरिएंटेशनच्या तुलनेत अगदी लहान. पण त्यातला मजकूर थेट कामाचा असतो: तासाचे उद्दिष्ट कसे लिहायचे, लहान गटात कसे शिकवायचे, रुग्णाजवळ उभे राहून घेतलेल्या परीक्षेत काय तपासायचे. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला तेव्हा शिक्षकांना तयार करण्याची यंत्रणा महाविद्यालयाच्या आत आधीपासून होती. कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे श्रेयांक, कौशल्य विषय, क्षेत्रकार्य, भारतीय ज्ञानप्रणाली हे सारे एकदम आले. त्यांना पेलणारी यंत्रणा महाविद्यालयाच्या आत नाही. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आहे, पण त्याचे दिवस नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, कागदपत्रांत जातात.

वैद्यकीय कक्षही अनेक ठिकाणी नावापुरते चालतात, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि त्यात तथ्य असू शकते. तरी या तुलनेतून रचनेचा एक मुद्दा हाती लागतो. प्रशिक्षणाचे ठिकाण शिकवण्याच्या ठिकाणाजवळ असले, तर त्याचा मजकूर आपोआप वर्गाच्या गरजेकडे सरकतो. प्रशिक्षण दूर गेले, की ते व्याख्यानमालेचे रूप घेते. या विषयातल्या बहुतेक मतभेदांकडे या अंतराच्या अंगाने पाहिले, तर ते अधिक नीट समजतात असे मला वाटते.

मते आणि त्यांची बाजू

पहिले मत विद्वत्तेचे. विषयावर प्रभुत्व असेल आणि शिकवण्याची तळमळ असेल, तर वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही, असे मानणारे प्राध्यापक पूर्वीही होते आणि आजही आहेत. नांदेडमध्ये या मताला एक मोठे उदाहरण लगेच मिळते. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, तेव्हा स्टाफ कॉलेजांची योजनाही जन्मली नव्हती. त्यांच्यासारखा शिक्षक कुठल्या प्रमाणपत्राने घडला नाही, हे खरेच आहे. पण हे उदाहरण दुसऱ्या बाजूनेही वाचावे लागते. अशा शिक्षकांभोवती सतत चर्चा करणारे सहकारी, विद्यार्थी आणि वाचक असत. भाषण, वाद, प्रश्न, पुन्हा वाचन अशा चक्रातून त्यांचे शिकवणे घासले जाई. त्याला कोणी प्रशिक्षण म्हटले नाही, इतकेच. शिवाय असामान्य माणसावरून सामान्य नियम काढता येत नाही. शेकडो महाविद्यालयांत हजारो तास घेणारी व्यवस्था प्रतिभेच्या भरवशावर चालत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या वादाला एक उपयुक्त वळण दिले. विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सर्वसाधारण तंत्र यांच्या पलीकडे तिसरे एक ज्ञान असते, असे त्यांनी मांडले: हा विशिष्ट घटक विद्यार्थ्याला कुठे अडतो आणि त्या ठिकाणी काय केल्याने सुटतो, याचे ज्ञान. ते संशोधनातून मिळत नाही आणि सर्वसाधारण बी.एड.मधूनही पुरेसे मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. रसायनशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात मोल ही संकल्पना झाल्यावर शिक्षकाने विचारले: १८ ग्रॅम पाणी आणि १८ ग्रॅम ग्लुकोज, रेणू कशात जास्त? बारावीला मोलवरची गणिते धडाधड सोडवलेली मुलेही इथे थबकतात. कोणी दोन्हींत सारखे म्हणते, कोणी ग्लुकोजचा रेणू मोठा म्हणून ग्लुकोजकडे हात करते. उत्तर पाणी आहे, आणि ग्लुकोजच्या दहापट. सूत्र पाठ आहे पण मोल ही मोजणी आहे हे पोहोचलेले नाही, ते दोन मिनिटांत उघडे पडते. आता शिक्षकाने उत्तर सांगायचे की शेजारच्याला पटवून द्यायला सांगायचे? पटवून देणे इंग्रजीत होणार की मराठीत? ऐंशी मुलांच्या वर्गात मागच्या बाकांवर काय चालले आहे हे कळणार कसे? अध्यापनाचा विकास म्हणतात तो अशा बारीक निर्णयांचा विकास असतो.

दुसरे मत सक्तीच्या बाजूचे आहे. ऐच्छिक ठेवले तर ज्यांना गरज आहे ते येणार नाहीत, म्हणून पदोन्नतीची अट हवी, असे ते म्हणते. या मताला हलके लेखू नये. सक्तीमुळेच तालुक्याच्या महाविद्यालयातला प्राध्यापक पहिल्यांदा दुसऱ्या राज्यातल्या सहकाऱ्याबरोबर महिनाभर राहिला, नवी ग्रंथालये पाहिली, आपल्या विषयात काय चालले आहे ते ऐकले. किनवट किंवा निलंग्यासारख्या ठिकाणी एका विषयाचा एकच प्राध्यापक असतो. त्याचा एकटेपणा मोडण्याचे काम या वर्गांनी केले. सक्तीचा तोटाही तितकाच उघड आहे. प्लेसमेंटची, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याची, ड्यू डेट जवळ आली की जिथे जागा मिळेल तिथे, ज्या विषयात मिळेल त्यात रिफ्रेशर करायचे, ही रीत पडली. जागा कमी आणि मागणी जास्त, म्हणून मुदती वेळोवेळी वाढवाव्या लागल्या. पुरेशी केंद्रे न देता अट घालायची आणि अट अपुरी राहिली म्हणून पदोन्नती अडवायची, हा प्राध्यापक संघटनांचा आक्षेप रास्त होता.

तिसरे मत म्हणते की दोष प्रशिक्षणात नाही, परिस्थितीत आहे. पदे रिक्त, वर्गात पटावर मुले पण हजेरी तुरळक, परीक्षा आणि निवडणुकीची कामे, नॅकची फाईल. २०१८ च्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवायचे आहे. विभागात तीन पदांपैकी एकच भरलेले असेल, तर तो एकटा अध्यापनात नवे काय करणार? हे मत मांडणारे प्रशिक्षणाच्या विरोधात नसतात. आधी माणसे द्या, मग त्यांचा विकास करा, असा त्यांचा क्रम आहे. यावर एवढेच म्हणता येते की पदे भरेपर्यंत वर्गातली मुले थांबू शकत नाहीत. पण कमी माणसांवर नवी प्रशिक्षणे लादल्याने शिकवण्याचे तासच कमी होतात, हा त्यांचा मुद्दा खोडता येत नाही.

चौथे मत स्थानिक परंपरेचे. महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांत स्टाफ अकॅडमी नावाची जुनी रीत आहे. प्राध्यापकच प्राध्यापकांसमोर व्याख्यान देतात. आणि लातूरला, राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेला, लातूर पॅटर्न आहे. तो अकरावी-बारावीचा, परीक्षेच्या यशाचा आणि पुढे प्रवेश परीक्षांचा. त्यावर टीका पुष्कळ झाली. घोकंपट्टी, जास्तीचे तास, खासगी शिकवण्यांची वाढ हे आक्षेप खरे आहेत आणि पदवीच्या शिक्षणाने त्याची नक्कल करावी असे कोणी म्हणणार नाही. तरी त्याच्या मुळाशी असलेली एक शिस्त या चर्चेत दुर्लक्षित राहते. वारंवार चाचणी घ्यायची, मुले कुठे चुकली ते पाहायचे आणि तेवढे पुन्हा शिकवायचे. या शिस्तीत शिक्षक स्वतःच्या शिकवण्याचा परिणाम दर आठवड्याला पाहतो. पदवी स्तरावर सत्राच्या शेवटी एक परीक्षा होते आणि निकाल लागतो तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. लातूरने बारावीपुरते जे अंतर कमी केले, ते पदवीला तसेच राहिले.

पुरावा काय सांगतो

अध्यापन प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, यावर जगभर बरेच काम झाले आहे. ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी २००४ मध्ये आठ देशांतल्या २२ विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षण घेतलेल्या नव्या शिक्षकांचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे वर्षभराने मोजमाप केले, तेव्हा शिकवण्याच्या दृष्टिकोनात आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासपद्धतीत सुधारणा दिसली. प्रशिक्षण न मिळालेल्या गटात तशी सुधारणा नव्हती, काही बाबतींत घसरणच होती. अनुभवाने आपोआप शिकवता येते, या समजुतीला हा अभ्यास छेद देतो. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-अभियांत्रिकीतले २२५ अभ्यास एकत्र केले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचे प्रमाण, विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांच्या तुलनेत दीडपट निघाले.

मग प्रशिक्षण वाढवावे, एवढाच निष्कर्ष काढायचा का? तिसरा एक अभ्यास इथे सावध करतो. अमेरिकेत जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी कार्यशाळा पूर्ण केल्या आणि आपण शिकवण्याची पद्धत बदलली असे बहुतेकांनी लिहून दिले. डायान एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यांच्या वर्गांची चित्रफीत तपासली, तेव्हा तीन-चतुर्थांश शिक्षक अजूनही व्याख्यानच देत होते. ते खोटे बोलत होते असे नाही. कार्यशाळेत पटलेली गोष्ट वर्गात उतरवण्यासाठी जी सोबत लागते, ती मिळाली नव्हती.

आपल्या नियमांकडे या नजरेने पाहिले की एक पोकळी दिसते. २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी अध्यापनाचे मूल्यमापन नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले यावर होते. ८० टक्के किंवा अधिक म्हणजे चांगले, ७० ते ८० समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. तास घेतला जाणे ही मूलभूत गोष्ट आहे आणि ती मोजायलाच हवी. पण त्या तासात काय घडले, याला जागाच नाही. प्रशिक्षणाच्या बाजूला प्रमाणपत्र आहे, अध्यापनाच्या बाजूला तासांची टक्केवारी आहे, आणि दोन्हींना जोडणारे काहीही फाईलमध्ये मागितले जात नाही. नॅकही किती शिक्षकांनी एफडीपी केले हे विचारते. त्यामुळे महाविद्यालयांचा ओढा संख्येकडे जाणे स्वाभाविक आहे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात नऊ क्षेत्रांतल्या उल्लेखनीय योगदानाची कल्पना होती आणि त्यात नावीन्यपूर्ण अध्यापन व भारतीय भाषांतले अध्यापन यांचा समावेश होता. दिशा म्हणून हे स्वागतार्ह आहे. मात्र उल्लेखनीय कशाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरतो. फाईल जाड करण्याचे नवे साधन म्हणूनही हीच यादी वापरली जाऊ शकते.

भाषा, आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचे दोन प्रश्न राष्ट्रीय चर्चेत फारसे येत नाहीत. पहिला भाषेचा. किनवट-माहूर भागातल्या वर्गात गोंडी, कोलामी किंवा बंजारा घरात बोलणारी मुले असतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू आणि कन्नड, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, नांदेड शहरात दखनी उर्दू. पाठ्यपुस्तक इंग्रजी किंवा प्रमाण मराठी, समजावणे मिश्र भाषेत, परीक्षा पुन्हा प्रमाण भाषेत. कोणत्या क्षणी कोणती भाषा वापरायची हे इथल्या शिक्षकाचे रोजचे कौशल्य आहे. तो ते एकट्याने, चाचपडत शिकतो. प्रशिक्षणाची साधने मात्र प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदीत येतात आणि एकभाषी वर्ग गृहीत धरतात. नवे धोरण भारतीय भाषांतून शिकवण्याचा आग्रह धरते. हा आग्रह पेलण्याचा सर्वांत मोठा अनुभव अशा महाविद्यालयांकडे आहे. तरी प्रशिक्षणात त्यांची जागा श्रोत्याची आहे.

दुसरा प्रश्न सीएचबीचा, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा. अनेक विभागांत शिकवण्याचा मोठा भार त्यांच्यावर आहे. पदोन्नतीची योजना नियमित शिक्षकांसाठी आहे, म्हणून प्रशिक्षणामागची मुख्य प्रेरणाच त्यांना लागू होत नाही. नियमांत वाट असली तरी कर्तव्य रजा नाही, तास बुडाला की मानधन बुडते, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईलच याची खात्री नाही. याचा अर्थ असा, की प्रशिक्षणाचा सगळा खर्च आणि विचार ज्यांच्यासाठी होतो त्यांच्याहून वेगळी माणसे पुष्कळ वर्गांत उभी असतात. ते तात्पुरते आहेत, त्यांच्यावर खर्च का करायचा, असे विचारले जाते. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर हा युक्तिवाद टिकत नाही. त्याच्यासाठी ते वर्ष तात्पुरते नसते. यावर अप्रत्यक्ष असा एक उपाय २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या विषयाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे असे ती सांगते आणि आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्यात किंवा प्रयोगशाळेत साहाय्य करण्याची मुभा देते. उद्याचे सीएचबी शिक्षक बहुतांशी आजचे संशोधक विद्यार्थीच आहेत. ही तरतूद मनापासून राबवली तर नोकरीच्या आधीच पाया घालता येईल. संशोधन केंद्रात तिचे रूपांतर आणखी एका पेपरात झाले, तर नाही.

जे अजून ठरलेले नाही

ऑनलाइन प्रशिक्षणाने अडीचशे किलोमीटरचा प्रवास वाचवला. महिला प्राध्यापकांना, लहान मुले किंवा आजारी माणसे घरात असलेल्यांना ही मोठी सोय झाली, आणि ती काढून घेऊ नये. पण एकत्र राहण्यातून होणारी देवाणघेवाण गेली, आणि कॅमेरा बंद ठेवून मिळालेल्या प्रमाणपत्राची किंमत काय, हा प्रश्न आला. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला किती वजन द्यावे, यावरही एकमत नाही. सहकाऱ्याने वर्गात बसून तास पाहावा ही कल्पना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणात हळूहळू रुजते आहे. इतर महाविद्यालयांत तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. पाहणारा विभागप्रमुख असेल तर ती पाहणी, आणि संस्थाचालकाचा माणूस असेल तर पाळत, ही भीती निराधार नाही. म्हणून अशा पाहणीचा पदोन्नतीशी संबंध ठेवू नये, असे मला वाटते. सुधारण्यासाठी दाखवायचे तास आणि निवाड्यासाठी द्यायचा पुरावा हे वेगळे राहिले, तरच शिक्षक आपला कच्चा तास कोणाला दाखवेल. मात्र निवाड्यापासून तोडले तर कोणी करणारच नाही, हा सक्तीवाद्यांचा जुना मुद्दा इथे पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर कोणाकडे नाही.

खर्चाचे आणि वेळेचे प्रश्नही असेच अडून बसतात. नवी यंत्रणा उभारायला पैसा नाही, वेळ नाही, एका विषयाचे शिक्षक एका जागी जमत नाहीत, असे सांगितले जाते. यातला शेवटचा भाग तितकासा खरा नाही. वर्षातून दोनदा, सत्र परीक्षा संपल्यावर, एकाच विषयाचे शिक्षक मूल्यांकन केंद्रावर एकत्र बसतात. तिथे नियमित असतात, सीएचबीचे असतात, शहरातले आणि तालुक्यातले असतात. त्यांच्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. कोणता प्रश्न मुलांनी टाळला, कोणती व्याख्या गाईडमधून जशीच्या तशी आली, कोणत्या ठिकाणी सगळ्यांची एकच चूक झाली, हे त्यांना तिसऱ्या गठ्ठ्यापर्यंत पाठ होते. जेवणाच्या सुट्टीत ते त्याबद्दल बोलतातही. नंतर गुणांच्या याद्या भरल्या जातात, सह्या होतात आणि सगळे आपापल्या गावी परततात. मूल्यमापनाची गोपनीयता मोडेल, हा आक्षेप इथे लागू पडत नाही, कारण नावे किंवा गुण नोंदवायचेच नाहीत. प्रश्नागणिक मुले कुठे अडली, एवढेच एका पानावर लिहायचे आहे. ते पान अभ्यास मंडळाकडे आणि पुढच्या सत्राआधी प्रत्येक महाविद्यालयाच्या विभागाकडे गेले, तर तिथून कसली चर्चा सुरू होईल, हे अजून कोणी करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.